अंध मुअज्जिन आणि आपल्या संस्था





मदीना शहरातील रोजाच्या दिवसाची पहाट डोळ्यांपुढे आणा. हजरत बिलाल (रजि.) यांची अजान होऊन गेली आहे, तरी घरोघरी सहरी चालूच आहे. कारण प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी लोकांना सांगून ठेवले होते की, बिलाल रात्र असतानाच अजान देतात, हजरत इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांची अजान ऐकू येईपर्यंत खाणे-पिणे चालू ठेवावे. ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. तिच्यासोबत असेही नमूद आहे की, इब्ने उम्मे मकतूम (रजि.) अंध होते आणि सकाळ झाल्याचे लोकांनी सांगितल्यावरच ते अजान देत.

या प्रसंगावर क्षणभर विचार करा. सुबह सादिक ओळखणे हे नजरेचे काम आहे. तरीही साऱ्या शहराचा रोजा ज्या आवाजाने सुरू होई, तो आवाज उजेड न पाहणाऱ्या माणसाचा होता. आपण एखाद्या व्यवस्थापन समितीत बसलो असतो, तर हे काम अंधाला कसे सोपवावे, असा प्रश्न आपणच प्रथम विचारला असता. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना त्या पदावर ठेवले. जी उणीव होती, ती भोवतीच्या डोळस माणसांनी भरून काढली. त्यासाठी लागले किती? सकाळ झाली, एवढे सांगणारे कोणी तरी जवळ असणे.

याच सहाबींच्या संदर्भात सूरह अबसच्या प्रारंभीच्या आयती अवतरल्या. मक्केत प्रेषित (सल्ल.) कुरैशच्या सरदारांशी बोलत होते. त्यांनी इस्लाम स्वीकारला तर अनेकांचा मार्ग मोकळा होईल, ही तळमळ त्या बोलण्यामागे होती. तेवढ्यात इब्ने उम्मे मकतूम (रजि.) आले आणि मला शिकवा, असा आग्रह करू लागले. संभाषणात खंड पडला आणि प्रेषितांच्या कपाळावर आठी उमटली. अंध माणसाला ती आठी दिसणारही नव्हती. परंतु अल्लाहने ती पाहिली आणि शिकण्यासाठी धडपडत आलेल्या त्या माणसाकडे लक्ष देण्याची शिकवण दिली. त्या आयती आजही नमाजमध्ये पढल्या जातात. पुढे प्रेषित (सल्ल.) मदीनेबाहेर जात, तेव्हा अनेकदा इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांनाच मागे आपले प्रतिनिधी नेमत.

आता आपल्या घरांकडे वळू या. आपल्या वस्त्यांत अशी घरे आहेत, जेथे पाहुणे आले की एका मुलाला आतल्या खोलीत ठेवले जाते. त्याच्या बहिणीचे स्थळ मोडेल, ही धास्ती असते. कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते आईवडिलांच्या गुन्ह्यांची शिक्षा. या बोलण्याला दीनमध्ये कोणता आधार आहे? हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे दुःखाने पांढरे झाल्याचे कुरआन सांगतो. हजरत अय्यूब (अलै.) यांच्या दीर्घ यातनांचा उल्लेख कुरआनमध्ये आहे. हजरत मूसा (अलै.) यांनी तर जिभेची गाठ सोडवण्याची आणि सोबतीला भाऊ हारून (अलै.) यांना देण्याची दुआ केली. अल्लाहने त्यांचे मागणे मान्य केले आणि फिरऔनच्या दरबारात पाठवले ते त्यांनाच. ज्यांच्यावर अल्लाहची एवढी कृपा होती, त्यांच्या कसोटीला शिक्षा म्हणण्याचे धाडस कोण करील? मग एखाद्या आईच्या तोंडावर असे बोलताना आपली जीभ कशी कचरत नाही?

दुसरी चूक सज्जनपणाच्या वेषात येते. ‘त्याला माफ आहे, त्याला कशाला त्रास द्यायचा,’ असे म्हणून आपण त्या मुलाला मकतबमधून, शाळेतून आणि जमातमधून वगळतो. शरीअतने सवलत दिली आहे, हे खरेच. सूरह निसाच्या ९५ व्या आयतीत घरी राहणारे आणि अल्लाहच्या मार्गात झटणारे समान नसल्याचे सांगितले आहे. इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांनी आपली असमर्थता मांडली, तेव्हा शारीरिक अडचण असणाऱ्यांचा अपवाद त्याच आयतीत अवतरला. पण ही सवलत त्या माणसावरचा दोष दूर करते. त्याच्यासाठी दार बंद करण्याचा अधिकार इतरांना देत नाही. हजरत अम्र बिन जमूह (रजि.) पायाने अधू होते. उहुदच्या वेळी मुलांनी त्यांना थांबवू पाहिले, त्यांनी प्रेषितांकडे (सल्ल.) जाऊन परवानगी मिळवली आणि त्याच रणांगणात ते शहीद झाले.

मदत कशी करावी, हेही सुन्नतमध्येच सापडते. हजरत इतबान बिन मालिक (रजि.) यांची दृष्टी क्षीण झाली होती आणि पावसात ओढ्याला पाणी आले की आपल्या लोकांच्या मशिदीपर्यंत जाणे त्यांना अशक्य होई. त्यांच्या विनंतीवरून प्रेषित (सल्ल.) त्यांच्या घरी गेले आणि बसण्यापूर्वीच त्यांनी विचारले की, घरातील कोणत्या जागी नमाज अदा केलेली त्यांना आवडेल. येथे निर्णय यजमानाचा होता. आपण मात्र अपंग व्यक्तीला काय हवे ते तिच्याखेरीज सर्वांना विचारतो.

अशा समाजातूनच पुढे अता बिन अबी रबाह (रहि.) यांच्यासारखे विद्वान घडले. ते कृष्णवर्णी होते, पायाने आणि एका डोळ्याने अधू होते, उतारवयात पूर्ण अंध झाले. तरीही ते मक्केचे मुफ्ती होते. हजच्या दिवसांत त्यांच्याखेरीज कोणी फतवा देऊ नये, अशी दवंडी उमय्या शासनाकडून दिली जाई, असे चरित्रकार लिहितात.

आपल्या देशाचा कायदाही आज याच दिशेने बोलतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता आहे. शासनमान्य वा अनुदानित शाळेने अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि इमारत त्यांना वापरता येईल अशी करावी, हे बंधन आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तर शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र काढण्याची लाज वाटून अनेक पालक आपल्या मुलाचा हक्क बुडवतात. हक्काची अमानत हकदारापर्यंत पोहोचवणे हेही आपले कर्तव्य नाही काय?

आणि आपल्या समाजाच्या संस्था? आपल्या उर्दू-मराठी शाळांत व्हीलचेअर वर्गापर्यंत जाते काय? मशिदीच्या दारी रॅम्प आहे काय? वजूखान्यात बसून वजू करता येते काय? जुम्याचा खुतबा बहिऱ्या तरुणापर्यंत कोणी पोहोचवतो काय? फिकहने मुक्या माणसाचा समजणारा इशारा त्याच्या बोलण्याच्या जागी मानला आहे. त्याचा इशारा समजून घेणारी माणसे मात्र आपल्याला घडवावी लागतील. ज्यांची दुकाने, कारखाने, कार्यालये आहेत, त्यांनी कोणाला कामावरून परत पाठवताना एवढेच स्वतःला विचारावे: हे काम त्याला खरोखर अशक्य आहे, की त्याला ‘सकाळ झाली’ हे सांगायला आपल्याकडे कोणी नाही?

प्रत्येक वाचकाने या महिन्यात एक काम करावे. आपल्या मोहल्ल्यात आतल्या खोलीत राहिलेले एक मूल शोधावे, त्याला आणि त्याच्या आईवडिलांना भेटावे, त्याला काय हवे ते त्यालाच विचारावे आणि त्याच्यासोबत शाळेच्या किंवा मकतबच्या दारापर्यंत जावे. दार उघडले नाही, तर उघडेपर्यंत त्याच्या बाजूने उभे राहावे.

हे अल्लाह, ज्यांच्यापासून आम्ही तोंड फिरवले, त्यांच्याकडे आमची मने वळव. आमच्या मशिदी, शाळा आणि व्यवसायांची दारे तुझ्या सर्व दासांसाठी खुली करण्याची आम्हाला सद्बुद्धी दे. आमीन.