सेल्फ

आमच्याकडं स्टार्टर मोटर असं कुणी म्हणत नाही, सेल्फ म्हणतात. सेल्फ मारला, सेल्फ घेईना, सेल्फ गेला. माझ्या पिकअपचा सेल्फ दोन वर्षं जात होता. दोनदा वाइंडिंग भरून झालं, कार्बन बदलले, बुश बदलले. पावसाळ्यात तो बरा असायचा, मार्गशीर्ष लागला की अंथरूण धरायचा.

गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठाला आमचं गाव. मी भाजीपाला परभणीला नेतो, माझा थोडा आणि गावाचा जास्त. परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही, कारण त्यानं आमच्या मे महिन्याचीच कीर्ती ऐकलेली असते. पण डिसेंबर २०१८ मध्ये कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा दोन अंशांपर्यंत उतरला होता. अशा पहाटे चारला डिझेल गाडी चालू करणं म्हणजे आजारी माणसाला उठवून बसवणं. डिझेलला ठिणगी नसते. सिलिंडरातली हवा वीसेक पट दाबायची, दाबानंच ती पेटण्याइतकी तापते, मग तिच्यात डिझेलचा फवारा. इंजिन झपाट्यानं फिरलं तरच हे जमतं. सावकाश फिरलं तर हवेची ऊब गार लोखंड पिऊन टाकतं. त्यात तेल घट्ट झालेलं, बॅटरी गारठलेली आणि सेल्फ म्हातारा. घुर्र, घुर्र, टक्. त्या टक् नंतर मी खाली उतरायचो आणि मारुतीच्या पाराकडं बघायचो.

पारावर शेकोटी असायची. दुधाचे कॅन घेऊन निघालेला, रात्रपाळीच्या लाइटीवर पाणी देऊन आलेला, ज्याला झोपच येत नाही असा एक म्हातारा, आणि दोन-तीन पोरं. हाक मारावी लागत नव्हती. घोंगड्या, शाली खांद्यावर टाकून माणसं उठायची, मागच्या फाळक्याला हात लावायची. मी दुसरा गिअर टाकून क्लच दाबून बसायचो. कुणीतरी गमतीनं 'पुंडलिक वरदे' म्हणायचं आणि बाकीचे पुढचं म्हणत लोटायचे. गाडीनं वेग धरला की क्लच सोडायचा. ती एक आचका द्यायची आणि पकडायची. म्हातारा लोटत नव्हता, त्याला लोटवतही नव्हतं. तो नुसता हात लावून चालायचा.

मागच्या वर्षी परभणीत आमच्या मिस्त्रीचाचांनी तो सेल्फ तिसऱ्यांदा उघडला आणि नुसती मान हलवली. "भाऊ, याच्यात आता जीव नाही. गिअरवाला टाका." मी म्हणालो, मोठी बॅटरी टाकू का? सगळे तेच सांगत होते. चाचा म्हणाले, "बैल म्हातारा झालाय आणि तुम्ही कडबा वाढवताय."

मग त्यांनी मला समजावलं. जुन्या सेल्फात मोटर जेवढी फिरते तेवढंच तिचं पुढचं दातरं फिरतं, म्हणून मोटर जाडजूड लागते आणि बॅटरीतून करंट ओढते तो धबधब्यासारखा. गिअरवाल्यात मोटर लहान, पण ती जोरात फिरते. आतल्या गिअरमुळं तीन-चार फेऱ्यांची मिळून एक फेरी होते, वेग कमी होतो आणि रेटा वाढतो. वजन कमी, करंट कमी, आणि इंजिन फिरतं आधीपेक्षा चपळ. दातऱ्याचे दाते जुन्याएवढेच आहेत ना, हे त्यांनी मोजून घेतलं. नाहीतर फ्लायव्हीलची रिंग खाऊन टाकतं म्हणाले. बोल्टांची भोकं जुळवली, इंजिनापासून चेसीला येणारी अर्थिंगची पट्टी घासून नवी केली. तेवढं झाल्यावर म्हणाले, "मारा. बनी तो बनी, नहीं तो परभणी." गाडी अर्ध्या चावीत चालू झाली. साडेसात हजार गेले, त्यांचं दुःख त्या आवाजात विरघळलं.

माझ्या डोक्यात मात्र चाचांनी जाता जाता सांगितलेली गोष्ट बसली. सेल्फाच्या पुढं बेंडिक्स असतो. चावी फिरवली की तो पुढं सरकतो, फ्लायव्हीलला धरतो, फिरवतो. इंजिन पकडलं की त्यानं मागं यायचं. "नाही आला मागं तर इंजिनच त्याला फिरवतं. मग आर्मेचर जळून खाक." म्हणजे ज्यानं सुरू केलं त्यानं लगेच बाजूला व्हायचं. अडकून बसला तर तोच मरणार.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींना मी हा जुना सेल्फ दाखवला. ते बौद्ध आहेत, वाचणारे आहेत, आणि माझ्या माळेची चेष्टा करण्याचा त्यांना तीस वर्षांचा हक्क आहे. त्यांनी मिलिंद राजाची गोष्ट काढली. नागसेन भिक्खूंनी राजाला विचारलं होतं की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? नाही ना, मग रथ कुठं आहे? जसं सुट्या भागांना मिळून रथ म्हणतात, तसंच माणसाचं. आत वेगळा आत्मा बसलेला नाही. एवढं सांगून गुरुजी माझ्या हातातल्या लोखंडाकडं बघून म्हणाले, "इंग्रजीत आत्म्याला सेल्फच म्हणतात. आमचं म्हणणं, तो नाहीच. तुमचा तर तीन बोल्ट काढले की हातात येतो, आणि गाडी आहे तिथंच उभी."

मी हसलो. उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. एवढंच ध्यानात आलं की या यंत्राला सेल्फ नाव पडलं ते मात्र उलट्या कारणानं. आधी मोटारी लोखंडी हँडल मारून सुरू करायच्या. हँडल उलटलं की मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन माणसानं विजेचा स्टार्टर बनवला, १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तो आला. गाडी स्वतःची स्वतः सुरू होते म्हणून सेल्फ-स्टार्टर, आणि आपण शेपूट तोडून ठेवला नुसता सेल्फ. खरं तर तो स्वतःचं स्वतः काहीच करत नाही. बॅटरी उतरली की लोखंडाचा गोळा.

देवाचं काय आहे, हे मला या बेंडिक्सपासून विचारावंसं वाटायला लागलं. आमच्या सप्ताहात एकदा एका बुवांनी उदयनाचार्यांचं नाव घेतलं होतं. हजार वर्षांपूर्वीचे नैयायिक. त्यांनी ईश्वर आहे याचे पुरावे मांडले. त्यातला एक असा की सृष्टीच्या आरंभी परमाणू जड होते, स्वतः हलणारे नव्हते. ते एकत्र यायचे तर पहिली हालचाल कुणा चेतनानं द्यायला हवी. मला ऐकताक्षणी वाटलं, हा तर सेल्फ. त्यांचा आणखी एक पुरावा आहे, की जग पडत नाही, कुणीतरी ते धरून ठेवलंय. म्हणजे उदयनाचार्यांचा देव सुरू करून निघून जाणारा नाही, सुरू करतो आणि धरूनही ठेवतो. चाचांच्या हिशेबानं तो जळायला पाहिजे. पण देवाला आर्मेचर नसावं.

हे मोठ्या लोकांचं झालं. मी राहतो जनाबाईच्या तालुक्यात, आणि जनीचा देव या दोन्हींत बसत नाही. जनी गंगाखेडची. वडिलांनी, म्हणजे दामानं, तिला लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी ठेवलं, नामदेवांच्या घरची दासी म्हणून तिचं आयुष्य गेलं. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. पंढरपूरजवळ गोपाळपुरात तिचं म्हणून जातं दाखवतात. त्या जात्यावर विठ्ठल तिच्यासमोर बसून दळू लागला, ही कथा आमच्याकडं लेकरालाही माहीत असते. त्याच्यात सृष्टीचा आरंभ नाही, जग धरणं नाही. समोरच्या बाजूनं खुंट्याला हात लावायचा आणि पायलीभर जोंधळा संपेपर्यंत ओढायचं.

मला छळणारा प्रश्न हा की जनीच्या काळी पिठाची गिरणी असती तर विठ्ठल आला असता का?

हा काही चावट प्रश्न नाही. नव्या सेल्फनं गाडी पहिल्या चावीत निघायला लागली, त्यानंतर पंधरा दिवसांनी मला कळलं की पाराकडं बघायचं मी सोडून दिलंय. हात वर करून जातो, तेही हात वर करतात. आधी त्या माणसांचं माझ्याकडं आणि माझं त्यांच्याकडं रोज काहीतरी बाकी राहायचं. आता सगळा हिशेब चुकता झाला. देवाशीही असंच होतं का? ज्याचं काही अडत नाही त्याच्या दारात देव कशाला यावा, आणि आला तर त्याला बसायला काय द्यायचं? हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बायका दळताना देवाला, भावाला, मेलेल्या आईला, बाबासाहेबांना, कुणालाही हाक मारत. गिरणी आली आणि घराघरांतली ती हाक थांबली. त्याच दगडासमोर बसून आता कुणी कशाला बोलावं?

मी हे घरात बोललो. मालकीणबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "जनीचे हात दुखत नव्हते का?"

मी गप्प.

"देव दळू लागला म्हणता. मग दुसऱ्या दिवशी दळण नव्हतं का? होतंच की. माझ्या आईनं वीस वर्षं पहाटे दळलं. गावात गिरणी आली त्या दिवशी तिनं गिरणीपुढं नारळ फोडला. तिला विचारा देव कुठून आला ते. आणि ओवी थांबली म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय, तर उद्यापासून बसा जात्यावर. मी ऐकते."

शेवटी भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला थंडीत उठवत होतात रोज. आता तो शेकत बसतो, बरं वाटतंय त्याला."

हे खरं होतं. मी त्याला विचारलं तर तो म्हणाला, "सुटलो बाबा." आणि माझ्या चिंतनातली निम्मी हवा गेली. दुसऱ्याच्या कष्टात आपल्याला भक्ती दिसायला लागली की सावध व्हावं, हे मला चारचौघांत सांगता येतं, पण कळलं ते त्या दिवशी. जनीला दासीपण गोड लागत होतं असं धरून चालणारे आपण सगळे पुरुष, आणि बहुतेक दळण न दळलेले.

तरीही उरलेली निम्मी हवा काही जाईना. कष्ट वाईट, ठीक आहे. गिरणीत देव आला, तेही मानतो. पण जनीकडं तो आला तो दळण जड होतं म्हणून, असं मला अजून पूर्ण पटत नाही. नामदेवांच्या घरात चौदा माणसं होती असं सांगतात. भरल्या घरात तिच्या जात्याची समोरची बाजू रिकामी होती. जातं एकटीला ओढता येतं, पण त्याच्या दगडाला दोघींनी समोरासमोर बसावं एवढी जागा असतेच. तो त्या रिकाम्या जागेत येऊन बसला असेल. तसं असेल तर गिरणीचा प्रश्नच नाही. गिरणीच्या रांगेत डबा ठेवून उभ्या असलेल्या बाईच्या शेजारीही जागा रिकामी असू शकते, आणि पहिल्या चावीत निघालेल्या पिकअपच्या केबिनमध्येही. पहाटे दैठणा मागं पडतं, पोखर्णीच्या फाट्यावर नरसिंहाला हात जोडायचे, आणि शेजारच्या सीटवर मेथीच्या जुड्या. आषाढीला निघालेली शेगावची गजानन महाराजांची पालखी याच रस्त्यानं परभणीहून गंगाखेडला येते. तेव्हा मी गाडीत पाण्याचे जार भरून उभा राहतो. एरवी रस्ता मोकळा.

जुना सेल्फ चाचा मोडीत घेणार होते, आतल्या तांब्याला भाव आहे. मी परत आणला. खंडेनवमीला हत्यारं पूजताना त्याला पान्ह्यांच्या शेजारी मांडला, हळदीकुंकू लावलं. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. नंतर बघितलं तर कॉटखालचं जातं धुऊन तेही ओळीत आणून ठेवलं होतं.

वैशाखात भाचीचं लग्न आमच्याच दारात झालं. हळद वसमतची, गिरणीवर दळून डब्यात भरून आलेली. तरी घाणा भरायचा म्हणून जातं अंगणात मांडलं, त्याला सूत गुंडाळलं. खुंट्याला पाच सवाष्णींचे हात लागतात. चार जमल्या. पाचवीला मालकीणबाईंनी स्वतःच्या बहिणीला ओढून आणलं, तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. दोघी-तिघींनी एकमेकींकडं पाहिलं, पण बोललं कुणी नाही. मूठभर हळकुंडाला पाच बायका, एवढ्याशा खुंट्यावर हातावर हात. दळलं गेलं चिमूटभर. गाणं मात्र कुठल्या तरी म्हातारीनं आतून काढलं, ते कुणालाच पुढं येईना म्हणून ती एकटीच म्हणत राहिली, आणि बाकीच्या जात्याच्या फेऱ्याला 'हूं' देत राहिल्या.

संध्याकाळी रुखवताचं सामान पिकअपमध्ये भरून मी वर बसलो. पारावरची पोरं न बोलावता आली आणि फाळक्याला हात लावून उभी राहिली. मी खिडकीतून ओरडलो, "अरे, नवा सेल्फ आहे!" एक जण म्हणाला, "माहिताय काका, मारा." मागून कुणीतरी 'पुंडलिक वरदे' म्हणालं. मी चावी फिरवली, गाडीनं लगेच पकडलं. आरशात बघितलं तर हात तसेच होते, आणि त्यांच्यात तो म्हाताराही होता. उतार लागेपर्यंत मी पहिल्या गिअरमध्येच चालवली.