आजचे चिंतन : वासराने चारा सोडला



आज वाचनात संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदनाचे अभंग आले. (या शिऊरच्या, तुकोबारायांच्या शिष्या. खान्देशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. दरवेळी कोणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगते.) तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीचा. कोल्हापुरात मुक्काम होता तेव्हा वय अवघं अकरा. एका गाईच्या वासराला तिचा इतका लळा लागला, की ते कीर्तनालाही तिच्या मागे जाई. तिथे जयराम स्वामींनी दोघांच्या मस्तकावर हात ठेवला. ही गोष्ट नवऱ्याच्या कानावर गेली, आणि त्याने तिला बेदम मारलं, बांधून घातलं. तिकडे गाईने आणि वासराने चारापाणी सोडलं.

हे सगळं तिने स्वतः सांगितलंय, सतराव्या शतकात. नवऱ्याची अब्रू जाईल म्हणून झाकलं नाही.

आता खरं सांगू का? ही कथा मी कितीतरी वेळा ऐकली. सांगणारे वासरावर रमतात, पुढे नवऱ्याला पश्चात्ताप झाला त्यावर रमतात, आणि मधली मारहाण एका वाक्यात उरकतात. ऐकणारी एखादी मनाशी म्हणत असेल, मीही सोसलं तर माझा माणूस सुधारेल. तसा अर्थ मला त्या अभंगांत दिसत नाही.

मी स्वतः काय केलं तेही सांगते. आमचं भजन दर गुरुवारी. वरच्या मजल्यावरून कधी आदळआपट, कधी बाईचं ओरडणं यायचं. आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि टाळ जरा मोठ्याने वाजवायचो. "भांड्याला भांडं लागायचंच," असं मीच म्हटलेलं आहे. वर्षभराने ती माहेरी गेली. जाताना जिन्यात भेटली, म्हणाली, "काकू, तुमचं भजन ऐकू यायचं हो." एवढंच. त्या वासराची गोष्ट वाचताना मला तो जिना आठवतो.

म्हणजे करायचं काय? दार वाजवायचं. "ताई, जरा विरजण द्या," एवढं निमित्तही पुरतं. मारणाऱ्याला कळतं की शेजारी जागे आहेत. 2008 साली 'बेल बजाओ' मोहीम याच साध्या गोष्टीवर निघाली होती. पण हातात शस्त्र असेल, माणूस नशेत असेल, तर एकटीने जायचं नाही, सरळ 112 ला फोन. नंतर ती एकटी असताना विचारायचं, आणि तिने सांगितलं तर "तू काय बोललीस त्याला?" हा प्रश्न गिळायचा. तिचं बोलणं तिच्या परवानगीशिवाय हळदीकुंकवात न्यायचं नाही, हेही आलंच.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात अशी खबर संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतं, शेजारीसुद्धा. चांगल्या हेतूने दिली तर देणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. आणि हिंसा म्हणजे फक्त मार नव्हे. रोज टाकून बोलणं, तिचा पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, हेही त्यात येतं. आपल्या मंडळातल्या एका आजींनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग आमची सगळी हयात त्यातच गेली की गं." हसल्या, पण त्या दिवशी आरतीला थांबल्या नाहीत.

कीर्तनकार बुवांना माझी हात जोडून विनंती आहे. सप्ताहात बहिणाबाईंचं चरित्र लावाल तेव्हा मारहाणीपाशी दोन मिनिटं थांबा आणि ते चूक होतं असं स्पष्ट म्हणा. समोर बसलेल्या पुरुषांनी ते तुमच्या तोंडून ऐकायला हवं. आमच्या तोंडून ऐकलं तर म्हणतात, बायकांचं काहीतरीच.

आमच्या देवळाच्या फळ्यावर एकादशीची वेळ लिहितात, त्याखाली मी 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर लिहिलाय. दोनदा कोणीतरी पुसला. खडूचा डबा आता माझ्या पिशवीत असतो.

उद्या पुढचा अभंग.

राम कृष्ण हरी.