झाकली मूठ

मोबाइलवर मेसेज वाजला की छातीत धस्स व्हायचं. 2020 सालचे सहा-सात महिने मी असे काढले. पगार निम्म्यावर आला होता आणि घराच्या कर्जाचा हप्ता पुऱ्या पगाराच्या भरवशावर बांधलेला होता. रिझर्व्ह बँकेने मार्चपासून ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, ती मी घेतली. त्या काळातही व्याज चढत राहतं हे मला माहीत होतं, पण किती चढलं हे मी बघितलं नाही. बँकेचे मेल न उघडता तसेच ठेवायचो. बायको विचारायची, "अहो, सगळं ठीक आहे ना?" मी म्हणायचो, "चाललंय."

आता मागे वळून पाहताना वाटतं, मला नेमकी भीती कशाची होती? बँक लगेच दारात येणार नव्हती. मला भीती होती ती बायकोसमोर तोंडातून आकडा निघण्याची.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण लहानपणापासून ऐकतो. बाजारात बसणाऱ्याला ती म्हण उपयोगी पडली असेल, कारण त्याचा व्यवहार दुसऱ्याच्या विश्वासावर चालतो. पण घरात, जिवाभावाच्या माणसासमोर मूठ झाकली की ती सव्वा लाखाची राहत नाही, दुखायला लागते. यात आपल्या भाषेचाही हात आहे असं मला वाटतं. 'पत' हा शब्द घ्या. पतसंस्थेत तोच, पत राखण्यात तोच. एखाद्याची पत गेली म्हटलं की त्याची उधारी बंद झाली की अब्रू गेली, हे वेगळं काढता येत नाही. त्यामुळे पैसे कमी पडले, ही साधी हिशेबाची गोष्ट आपल्या तोंडी कबुलीजबाब होऊन येते, आणि कबुली द्यायला कोण धजावतं?

शिवाय पैशाची विवंचना विचारही नीट करू देत नाही. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अर्थतज्ज्ञ सेंधिल मुल्लईनाथन आणि मानसशास्त्रज्ञ एल्दार शफीर हे तो करणाऱ्या गटात होते. उसाचे पैसे वर्षातून एकदा हाती येतात. म्हणून तोच शेतकरी तोडणीआधी ओढगस्तीत असतो आणि तोडणीनंतर सुखवस्तू. संशोधकांनी तोडणीआधी आणि तोडणीनंतर त्याच माणसांना तर्काची आणि एकाग्रतेची कोडी घातली. तोडणीआधी त्यांना ती कमी सुटत, पैसे आल्यावर जास्त सुटू लागली. माणूस तोच, बुद्धी तीच. डोक्याचा मोठा हिस्सा पैशाच्या विवंचनेने अडवून ठेवला होता, एवढाच फरक. कारखान्याने ऊस घेतल्यापासून 14 दिवसांत रास्त दर द्यायचा, असा नियम आपल्याकडे आहे. तो मोडून पैसे थकतात तेव्हा शेतकऱ्याचं नुसतं व्याज बुडत नाही, त्याचं ध्यान आणि धीरही खर्ची पडतो. त्याचा हिशेब कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

पैशाच्या ताणावर जे सल्ले छापून येतात, ते मला म्हणूनच अपुरे वाटतात. अंदाजपत्रक आखा, खर्चाची वही ठेवा, प्राधान्य ठरवा. सल्ले खोटे नाहीत. पण विवंचनेत बुडालेल्या माणसाला हे सगळं एकट्याने कर म्हणणं म्हणजे डोक्यावर दोन हंडे घेतलेल्या बाईला चालता चालता सुईत दोरा ओवायला सांगण्यासारखं आहे. ओझं वाहणाऱ्याला मोजणंही जमेलच असं नाही. मोजताना पेन्सिल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात हवी. पण कुणाच्या, हा प्रश्न फार महत्त्वाचा.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते, सारा वाढला होता आणि सावकारांनी हात आखडता घेतला होता. त्या दंग्याबद्दल वाचताना मला नेहमी एक गोष्ट थांबवते. जमावाचा रोख मुख्यतः कागदांवर होता. कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली गेली. आपण किती देणं लागतो हे त्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हतं. पेन्सिल कायम सावकाराच्या हातात होती. 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्यात पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क होता. आता, 1 ऑक्टोबर 2024 पासून, नव्या किरकोळ कर्जांसाठी व्याज आणि सगळे आकार एका कागदावर, कर्जदाराला कळेल अशा भाषेत देणं बँकांना बंधनकारक आहे. वसुलीच्या माणसाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असाही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. रात्री दहाला फोन वाजल्यावर जो माणूस अंथरुणात आक्रसून बसतो, त्याला हा नियम माहीत असायला हवा असं मला फार वाटतं.

पेन्सिल आपल्या माणसांच्या हातात असली की काय होतं, ते बचत गटात दिसतं. मी अशा एका बैठकीला बसलो आहे. कुणाचं किती थकलं, हे सगळ्यांसमोर वाचलं जातं. एकीचे दोन हप्ते राहिले होते. कुणी कुजबुजलं नाही, शेजारची म्हणाली, "पोरगं दवाखान्यात होतं ना हिचं." सगळीकडे असंच होतं असं नाही. गटाचा धाक मानगुटीवर बसलेली घरंही आहेत. पण त्या खोलीत तो आकडा त्या बाईचा एकटीचा राहिला नव्हता.

आकडा बोलून दाखवल्याने कर्ज फिटत नाही. ज्याच्या मिळकतीत हातातोंडाची गाठच पडत नाही, त्याला वहीने पोट भरता येणार नाही. त्याला कामाचे पैसे, आणि तेही वेळेवर, हवेत. पण रात्री झोप उडाली आहे, जगणं नकोसं वाटतंय, अशा वेळी निदान बोलायला कुणी हवं. सरकारच्या टेलि-मानस या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्यासाठीच आहे. घरात कुणी नसलं तर तिथे बोलावं.

माझी मूठ मी स्वतः उघडली नाही. ऑगस्टच्या शेवटी एका रात्री बायको लेकीची अर्धी कोरी दोनशे पानी वही घेऊन समोर बसली. म्हणाली, "तुम्ही फक्त सांगा, मी लिहिते." मी सांगत गेलो. घराचं कर्ज, चढलेलं व्याज, मित्राकडून घेतलेले, क्रेडिट कार्डाचे. बेरीज माझ्या अंदाजापेक्षा चाळीस हजारांनी जास्त निघाली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो.

तिने पेन्सिल तशीच धरून ठेवली होती. "पेट्रोलचे धरलेत का यात?"

धरले नव्हते. तिने खोडरबर मागितलं.