अट कुणाकडे बघून लिहिली?

वाशीम जिल्हा 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. 2018 मध्ये केंद्राने त्याला विकासात मागे राहिलेल्या, म्हणजे ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत घातलं. मोठे कारखाने इथे फारसे नाहीत. म्हणूनच रिसोड-मानोऱ्याच्या छोट्या उद्योजकासाठी सरकार हे भरवशाचं गिऱ्हाईक ठरू शकतं: शाळेचे बाक, दवाखान्याच्या चादरी, छापील रजिस्टरं, अंगणवाडीचा आहार. पण टेंडर वाचायला घेतलं की मोठी उलाढाल आणि तशाच कामाचा अनुभव मागितलेला दिसतो. अनुभवाशिवाय काम नाही आणि कामाशिवाय अनुभव नाही.

‘अट सगळ्यांना सारखीच आहे,’ असं साहेब सांगतात. खरंच असते. पण कुस्तीतसुद्धा वजनी गट पाडतात.

घरपोच आहाराचं प्रकरण आठवा. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, गावच्या बचत गटांना आणि महिला मंडळांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये बजावलं. तरीही महाराष्ट्रात अटी अशा आल्या की लहान गट दारातच अडावेत. अखेर 2019 मध्ये न्यायालयानेच त्या अटींवर दिलेली 6,300 कोटींची कंत्राटं रद्द केली. त्याआधी न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी आणखी एक प्रकार उघडकीस आणला होता: नाव महिला मंडळाचं, कारभार खासगी कंपनीचा. दुबळ्यांसाठी ठेवलेला वाटा असा बळकटांच्या पदरात गेला, आणि तो जावा म्हणून आपलं नाव उसनं देणारेही होतेच.

आज सवलती कागदावर आहेत. केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. त्यातही 3 टक्के महिला उद्योजकांकडून. सूक्ष्म व लघु उद्योगांना टेंडरच्या अनामत रकमेतून सूट आहे. बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं, उशीर झाला तर व्याजासह. पण पुढचं टेंडर हातचं जाईल, या धास्तीने व्याज मागायला कोण जाणार? मागायची भीती वाटत असेल, तर तो हक्क नुसता छापील उरतो.

म्हणून दोघांना विनंती. निविदेवर सही करणाऱ्याने आधी एवढं विचारावं: माझ्या तालुक्यातला एक तरी प्रामाणिक उद्योजक या अटीत बसतो का? बसत नसेल, तर कामाचे लहान भाग करता येतील का? आणि उद्योजकाने लहान उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी करावी, सरकारी खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलवर यावं, पण आपलं नाव कुणालाही भाड्याने देऊ नये. पैसा जनतेचा आहे. तो कमावण्याची संधीही जनतेच्या आवाक्यात हवी.