पोराच्या हाती माळ

माउली हो, पोर शाळेत घातले की आपले काम सरले, असे आम्हीही मानीत होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचे वय शिक्षणाचा पाया धरले आहे. त्या वयाचे पोर निम्म्याहून अधिक वेळ घरीच की हो!

सायंकाळी हरिपाठ चालला असता पहिलीतल्या नातवाने जपमाळ ओढून विचारले, “आबा, मणी किती?” आम्ही दटावले. पोर हिरमुसले, अन् आमचे चित्त काही नामात लागेना. दुसऱ्या दिवशी माळ त्याच्याच हाती दिली. मेरुमणी सोडून दहा-दहा मोजीत गेला. दहा दशक झाले, वर आठ उरले. १०८! वर्गात न कळलेला दशक बोटांत उतरला. याला आईबापांस लिहिता-वाचता आलेच पाहिजे असेही नाही.

आता पोथीतला ‘ह’ तो ओळखतो. ‘ज्ञ’पाशी मात्र अजून अडतो.