खालसा झालेली गाज

कोल्डप्ले या इंग्रजी वाद्यवृंदाच्या ‘हिम फॉर द वीकेंड’ या गीताची चित्रफीत २९ जानेवारी २०१६ रोजी प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात मुंबईतील वरळी कोळीवाड्याच्या गल्ल्या, रंगांत न्हालेली मुले, जटाधारी साधू आणि देवांची सोंगे घेतलेली बालके पाहून आपल्याकडे जो वाद माजला, तो बहुतांशी मालकीहक्काभोवतीच फिरत राहिला: परक्यांनी आमची होळी उचलली की काय, आणि सोनम कपूरच्या पदरात जेमतेम काही क्षण टाकून बियॉन्सेला हिंदी चित्रपटाची नायिका करण्याची सनद त्यांना कोणी दिली. एडवर्ड सैद यांनी १९७८ साली पौर्वात्यवादाची जी चिकित्सा मांडली, ती या चित्रफितीला इतकी विनासायास लागू पडते की त्या विनासायासतेचाच संशय यावा. मोर, साधू, गुलाल, पडके देऊळ ही पर्यटन खात्याच्या भित्तिपत्रकांवर आपणच वर्षानुवर्षे मिरवलेली सामग्री आहे; ती उचलणाऱ्यावर फिर्याद करायची तर आपले स्वतःचे दप्तर प्रथम तपासावे लागेल. म्हणून तो मामला मी येथेच सोडतो.

मला या चित्रफितीत बोचते ते निराळेच, आणि ते बोचण्याचे कारण बहुधा मी कुणकेश्वरी राहतो हे असावे. देवगड तालुक्यातील या गावी महादेवाचे देऊळ समुद्राच्या इतके लगत उभे आहे की दर्शनाला आलेल्या माणसाला घंटा आणि गाज यांची फारकत करता येत नाही. पावसाळ्यात तर समुद्र दिसण्याआधी घरात ऐकू येतो, आणि त्याच्या आवाजावरून वारा कोणत्या अंगाचा हे जुनी माणसे अंथरुणातूनच सांगतात. अशा ठिकाणी कान तयार झालेल्या माणसाने ती चित्रफीत पाहिली, म्हणजे त्याला प्रथम हे जाणवते की गीत एकदा सुरू झाले की त्या वस्तीला स्वतःचा आवाज म्हणून उरत नाही. मुले हसतात, पण हसू ऐकू येत नाही. टॅक्सी धावते, पण भोंगा वाजत नाही. समुद्राकाठची वस्ती आहे, पण समुद्र मुका आहे. स्थळाचे रूप जसेच्या तसे राखून त्याचा ध्वनी तेवढा खालसा करायचा आणि त्या मुलखावर गीताचा एकछत्री अंमल बसवायचा, हा या माध्यमाचा रिवाजच आहे.

फ्रेंच अभ्यासक मिशेल शियाँ यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या दृक्-श्राव्यविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की ध्वनी दृश्यात मूल्याची भर घालतो आणि प्रेक्षक मात्र ते मूल्य दृश्याचेच आहे असे समजून चालतो. त्या न्यायाने पाहता, वरळीच्या गल्लीत आपल्याला जो उल्हास दिसतो तो त्या गल्लीचा नव्हे, अन्यत्र ध्वनिमुद्रित झालेल्या एका पियानोचा आहे. गल्लीने केवळ त्याचे कूळ म्हणून राबायचे. चित्रपटातील गाण्यातही हे घडते, हे खरे. परंतु तेथे गाणे संपते, पावले वाजतात, कोणी दार लोटते, आणि कथेचे जग आपला हक्क परत मागते. एक ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाल्यापासून जी स्वतंत्र चित्रफीत रूढ झाली, तिच्यात गाण्यानंतर परतायला जगच नसते. या फितीत तर गायक क्रिस मार्टिन एका जुन्या चित्रपटगृहात बसून पडद्यावरील बियॉन्सेला न्याहाळतो. म्हणजे आपण ज्याला पाहतो तोही चित्रच पाहत असतो.

ध्वनी गेल्याने नेमके काय जाते, हे होळीच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके सिद्धांतावरून होत नाही. फितीतील होळी रंगांची आहे, आणि ती जानेवारीतच जगापुढे आली, म्हणजे फाल्गुनाशी तिचे देणेघेणे नाही. आमच्या सिंधुदुर्गातला शिमगा रंगाला गौण मानतो. होम पेटतो, ढोल बडवत रोंबाट निघते, सोंगे दारोदार फिरतात, आणि सर्वांवर कडी म्हणजे तोंडावर पालथी मूठ आपटून ठोकलेली बोंब, जिच्यावाचून शिमगा झाला असे कोणी म्हणणार नाही. ज्या सणाचा मुख्य विधीच ओरडणे हा आहे, त्यातून ओरडणे वगळून गुलाल तेवढा ठेवणे ही निवड कॅमेऱ्याच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक आहे. देवांची सोंगे घेतलेल्या बालकांचेही तेच. दशावतारी नाटकात रात्री उशिरा पेटी-मृदंगाच्या साथीत जो देव रंगमंचावर येतो, तो लिखित संहितेवाचून, ऐनवेळी सुचेल ते बोलतो, प्रतिपक्षाशी वाद घालतो, प्रसंगी हरतोही. आमच्याकडे देवाच्या सोंगाची पारख मुकुटावरून कमी आणि तोंडावरून अधिक होते. फितीतला देव बोलत नाही, कारण त्याच्याकडून तशी अपेक्षाच नाही.

वाल्टर बेन्यामिन यांनी १९३०-४० च्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनावर लिहिताना म्हटले, की प्रतिकृती मूळ वस्तूला तिच्या ठिकाणाहून उचलून पाहणाऱ्याच्या दारी आणते. महाशिवरात्रीला आमच्याकडे याच्या बरोबर उलटे चालते: गावोगावच्या देवस्वाऱ्या लवाजम्यासह स्वतः चालत कुणकेश्वराच्या भेटीला येतात आणि समुद्रस्नान करून परततात, देवालाही येथे प्रतिमा पाठवून भागत नाही.

आता एक आक्षेप मी स्वतःच घेतो. ‘मी डोलकर’ हे ज्या गीताचे नाव घेताच मराठी माणसाला समुद्र आठवतो, ते लिहिणाऱ्या शान्ता शेळके जन्माने इंदापूरच्या, म्हणजे घाटावरच्या. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. त्यातला समुद्रही वादकांनी निर्मिलेलाच. मग फितीतील कृत्रिमतेवर रोष का? रोष कृत्रिमतेवर नाही. रेडिओने ध्वनी दिला आणि दृश्य श्रोत्यावर सोपवले, त्यामुळे मालवणच्या श्रोत्याने आपला किनारा त्यात बसवला आणि नागपूरच्याने कधी न पाहिलेला. फितीत श्रोत्याच्या वाट्याला अशी कोणतीच मोकळी जागा येत नाही.

गंमत अशी, की मुकेपणाची ही शिस्त आता वरळीवर लादावी लागत नाही. कुणकेश्वरात ती आम्ही आपखुशीने पत्करली आहे. सुटीच्या दिवसांत येथे येणारी मुले, आणि आमच्या गावातलीही, ड्रोन उडवून कळस, पुळण आणि ओहोटीला उघडी पडणारी खडकांवरची शिवलिंगे टिपतात आणि त्यावर एखादे चालते गाणे चढवतात. मार्शल मॅकलुहान यांनी माध्यम हाच संदेश असे १९६४ साली म्हटले, त्याचा याहून उघडा दाखला मिळणार नाही, कारण बहुतेक ड्रोनमध्ये ध्वनी टिपण्याची सोयच नसते. पंख्यांच्या घरघरीपुढे ती निरुपयोगी ठरेल. कोणा दिग्दर्शकाने गाज कापण्याची गरजच उरलेली नाही. आणि खाली वाळूत उभे राहून मोबाइलवर जे चित्रण होते, त्यात गाज येते, वाऱ्याचा फडफडाटही येतो. पण संकलन करणारा मुलगा तो आवाज प्रथम बंद करतो. विचारले तर म्हणतो, आवाज खराब आला आहे.