घरांतील कचेरी

माणसाच्या घराची मांडणी पाहून त्याच्या नीतीची परीक्षा करावी, असें कोणी म्हटलें तर सुज्ञ वाचकांस त्यांत विनोद वाटेल. दोन खोल्यांच्या घरांत नीतीला राहावयास जागाच किती? परंतु गेल्या कांहीं वर्षांत आमच्या स्वतःच्या घरांत जें घडलें, त्यावरून आमची अशी खात्री झाली आहे कीं, जागा जितकी थोडी तितका तिच्या वांटणीचा प्रश्न अधिक नैतिक होत जातो. मोठ्या वाड्यांत एकानें एक दालन अडवून धरलें तर दुसऱ्याला दुसरें मिळतें. चारशें चौरस फुटांच्या घरांत एकानें मेज मांडलें कीं, दुसऱ्या कोणाचें तरी कांहींतरी उठतें. काय उठलें, कोणाचें उठलें आणि त्याला विचारून उठलें कीं न विचारतां, हे प्रश्न सुताराच्या मापपट्टीनें सुटत नाहींत. त्यांचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

आम्ही राहतों त्या नवी मुंबई शहराचा जन्मच मुळीं घर आणि कचेरी यांमधील अंतराच्या चिंतेंतून झाला आहे. मुंबईचा नोकरदार सकाळीं दक्षिणेकडे लोटला जातो आणि सायंकाळीं उत्तरेकडे परत ओतला जातो, हें पाहून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनीं १९६५ सालीं ‘मार्ग’ या नियतकालिकांतून खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली. ९५ गांवांच्या हद्दींतील सुमारें ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली अशीं अनेक केंद्रें असलेलें शहर आंखण्यांत आलें. प्रत्येक केंद्रांत राहावयास घर, मुलांना शाळा, खरेदीस बाजार आणि हाताला काम असावें, म्हणजे माणसाचें अर्धें आयुष्य आगगाडीच्या डब्यांत सरणार नाहीं, असा त्यांतील हेतु. हेतु उदात्त होता. तो पुरता साधला असें मात्र म्हणवत नाहीं. १९९२ सालीं वाशीपर्यंत लोकल आली आणि आम्हीं खाडीअलीकडच्या लोकांनीं तिच्या दाराला लोंबकळून मुंबई गांठण्याचा परिपाठ ठेविला.

घर आणि कचेरी एकमेकांजवळ आणण्याचा हा खटाटोप पन्नास वर्षें चालला, आणि मार्च २०२० मध्यें टाळेबंदी येतांच एका रात्रींत कचेरीच घरांत आली. अंतर शून्य झालें! योजनाकारांच्या स्वप्नाची ही पूर्ति म्हणावी कीं थट्टा, हें ठरविणें कठीण आहे. एवढें मात्र खरें कीं, ज्या अंतराला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या, त्याचेहि आमच्यावर कांहीं उपकार होते, हें तें गेल्यावर कळलें. कचेरींतला माणूस आणि घरांतला माणूस हे एकाच अंगरख्यांत राहत असले तरी एक नव्हेत. तो तासाभराचा प्रवास एकाला उतरवून दुसऱ्याला चढवीत असे.

आमच्या घरांत एक शयनगृह, एक बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि आठ फूट लांब व चार फूट रुंद अशी एक गॅलरी आहे. व्याख्यानें घरूनच द्यावयाचीं असें ठरल्यावर आम्हीं ती गॅलरी पसंत केली. तेथें डाव्या बाजूनें उजेड येतो, भिंतींत विजेचें बटण आहे आणि आड करावयास दार आहे. टाळेबंदी थोडी सैल होतांच सरकत्या कांचा बसवून घेतल्या, मेज आणलें, मागें पुस्तकांचें कपाट उभें केलें. आठ दिवसांत सुंदर कचेरी तयार झाली, आणि आम्ही आमच्या व्यवस्थाचातुर्यावर खूष झालों.

या चातुर्याची किंमत आमच्या हिशेबांत कोठेंच नव्हती, कारण ती आम्हांला द्यावयाची नव्हती. गॅलरींत वाळणारे कपडे शयनगृहांतल्या दोरीवर गेले आणि सबंध श्रावण त्या खोलींत ओल्या पंचाचा वास भरून राहिला. तुळस खिडकीच्या गजाबाहेर लटकली. कपाटांत न मावलेलीं पुस्तकें बाहेरच्या खोलींतील खाटेवर पसरलीं. एके सकाळीं आम्ही विद्यार्थ्यांना कांटचें १७८५ सालीं प्रसिद्ध झालेलें नीतितत्त्व समजावून देत होतों. मनुष्यमात्राला कधींहि केवळ साधन म्हणून वापरूं नये, तो स्वतःच साध्य आहे असें मानून त्याच्याशीं वागावें, असें तें तत्त्व. तेवढ्यांत स्वयंपाकघरांत मिक्सर सुरू झाला. आम्हीं बोलण्यांत खंड न पडूं देतां, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर डावा हात नेऊन, तो बंद करण्याची खूण केली. मिक्सर थांबला. त्या दिवशीं पानांत चटणी नव्हती, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाहीं.

तो शब्द कोणीं काढला असता तर कदाचित् आम्ही वाद घातला असता व जिंकलोंहि असतों. पण पुढें एके सायंकाळीं कांहीं कामानिमित्त सौभाग्यवतींस हांक मारली तेव्हां ओ आली ती स्वयंपाकघराच्या फरशीवरून. पिठाचा डबा पुढें ओढून त्याच्या झांकणावर वही ठेवून त्या कांहीं लिहीत होत्या. “येथें काय करतां?” म्हणून विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, “अहो, खाटेवर तुमचीं पुस्तकें आहेत ना.” पोस्टांतील आवर्ती ठेवींच्या त्या प्रतिनिधि आहेत. महिन्याच्या महिन्यास शेजारपाजारच्या साठसत्तर खातेदारांचे हप्ते जमवावयाचे, वहीवर नोंदावयाचे, यादी करून पोस्टांत भरावयाचे, हें काम त्या खिडकीजवळच्या खाटेच्या कडेवर बसून, मांडीवर वही घेऊन, पंधरा वर्षें करीत आल्या होत्या. म्हणजे आमच्या घरांत कचेरी पंधरा वर्षें होतीच. तिला मेज नव्हतें, दार नव्हतें, उजेडाची दिशा कोणीं पाहिली नव्हती; म्हणून ती कचेरी आहे हें तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाला दिसलें नव्हतें इतकेंच! नवी कचेरी थाटतांना आम्हीं जुनी मोडली, आणि ती मोडल्याचें आम्हांला कित्येक महिने कळलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, घरांत काम करणें हें आपल्याकडे नवें नाहीं. तें खरेंच आहे. कुलकर्ण्याचें दप्तर त्याच्या घरींच असे, वकिलाचे पक्षकार त्याच्या ओटीवर बसत, आणि येवल्याच्या विणकराचा माग राहत्या घरांतच चालत आला आहे. परंतु त्या कामांना घराचे डोळे आणि कान वर्ज्य नव्हते. मागाच्या खडखडाटांतच पाळणा हलत असे, आणि ओटीवरचा पक्षकार आंतल्या ताकाचा वांटेकरी असे. आजच्या पडद्यावरच्या कामाची अट निराळी आहे. त्याच्या सोयीसाठीं घरानें आपण अस्तित्वांतच नाहीं असें सोंग घ्यावें लागतें. मागून कोणी जाऊं नये, कुकरची शिटी वाजूं नये, मूल रडूं नये. पूर्वींचें काम घरांत पाहुण्यासारखें येई. हें काम जप्तीच्या अंमलदारासारखें येतें.

आणि जुनें तें सर्व गोड होतें असेंहि आम्ही म्हणत नाहीं. सोलापुरांत हजारों स्त्रिया मांडीवर सूप घेऊन घरच्या घरीं विड्या वळीत आल्या आहेत. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानें अशा घरीं काम करणाऱ्यांनाहि कामगार म्हटलें, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें १९९६ सालीं घरबसल्या कामासंबंधीं स्वतंत्र करार केला. म्हणजे घरांत केलेलें काम हेंहि कामच, ही गोष्ट कायद्याला आमच्या आधीं कितीतरी वर्षें समजली होती. आमच्यासारख्या पांढरपेशांच्या दारांत तो प्रश्न आला तेव्हां मात्र आम्ही तो खुर्चीच्या उंचीचा प्रश्न समजलों.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं. ज्याच्या मिळकतीवर घर चालतें त्याच्या कामाला पहिला मान नको काय? त्याचें चित्त विचलित झालें तर सर्वांनाच उपाशी राहावें लागेल. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें म्हणणें लबाडीचें होईल. ऐरोलीच्या एखाद्या कंपनींत नोकरी करणाऱ्या तरुणाला मध्यरात्रीं परदेशांतील वरिष्ठाशीं बोलावें लागतें, तेव्हां घरानें गप्प बसणें हा जुलूम नव्हे, सहकार्य आहे. परंतु गरज सिद्ध झाली म्हणजे हक्क सिद्ध होत नाहीं. गरजेनें फार तर मागण्याचें कारण मिळतें. देणाऱ्याचा होकार त्यांतून आपोआप निघत नाहीं. आणि ज्याला कधीं विचारलेंच नाहीं त्याच्या मौनाला संमति म्हणणें ही तर सत्ताधाऱ्यांची जुनी युक्ति आहे.

व्हर्जिनिया वुल्फ या विदुषीनें १९२९ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, स्त्रीला लेखन करावयाचें तर वर्षाला पांचशें पौंड आणि स्वतःची एक खोली पाहिजे. हें मत आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. पण आमच्याकडील अनुभव त्यांत थोडी भर घालतो. रमाबाई रानडे यांचें आत्मकथन १९१० सालीं प्रसिद्ध झालें. न्यायमूर्तींच्या घरांत खोल्यांची वाण नव्हती. तरी रमाबाईंना शिकतांना घरांतल्याच वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसावा लागला. अडचण जागेची नव्हती, मान्यतेची होती. उलट, मान्यता असेल तर दोन हातांची जागाहि पुरते. म्हणून आमच्या मतें खोली नाहीं हें आमचें खरें दुःख नव्हे. कोणाच्या कामाला काम म्हणावयाचें हें आम्हीं मनांत आधींच ठरवून टाकलेलें असतें, आणि मग मेज त्याप्रमाणें मांडलें जातें.

या प्रश्नांत धनी मंडळीहि सुटत नाहींत. नोकराच्या घरांतला कोपरा, वीज, रात्रीची शांतता, हें सर्व कामाला लागतें, पण तें घेतल्याची नोंद कोणाच्या वहींत नसते. फ्रान्समध्यें १ जानेवारी २०१७ पासून कामाची वेळ संपल्यावर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यानें मान्य झाला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनीं २०१८ सालीं तशा आशयाचें खासगी विधेयक लोकसभेंत मांडलें. त्याचा कायदा झाला नाहीं. पण कायदा झाला तरी तो उंबऱ्यापर्यंत येईल. उंबऱ्याच्या आंत न्याय आम्हांलाच करावा लागेल.

तो कसा करावा? आमच्या आयाबायांचा एक जुना रिवाज येथें उपयोगी पडेल असें वाटतें. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणावयाची तर ती मागून आणावयाची, ठरल्या वेळीं परत करावयाची, आणि शेजारचें भांडें रिकामें परत पाठवावयाचें नाहीं. घरांतली कामाची जागा ही अशीच उसनी समजावी. ती कमावत्याची मालकी नव्हे. घरानें कांहीं वेळापुरती दिलेली वस्तु आहे. ती विचारून घ्यावी, वेळ सरतांच मोकळी करावी, आणि परत करतांना वाटीच्या तळाशीं आपलें कांहींतरी घालावें.

आम्हीं गॅलरी परत केली आहे. कपडे व तुळस आपापल्या स्थानीं गेलीं. बाहेरच्या खोलींत खिडकीजवळच्या भिंतीला बिजागऱ्यांवर मिटणारें एक फळ्यांचें मेज करून घेतलें. सुतारानें उंची तीस इंच धरली होती. “माझे पाय जमिनीला टेकत नाहींत,” असें सौभाग्यवतींनीं सांगतांच ती अठ्ठावीस झाली. सकाळीं तें आमचें असतें, चारनंतर त्यांचें. हा नियम आम्ही नेहमीं पाळतों असें मात्र वाचकांनीं समजूं नये. उत्तरपत्रिका आतां पडद्यावरच तपासावयाच्या असतात, आणि निकालाची घाई झाली कीं, जुनें चातुर्य पुन्हा डोकें वर काढतें. परवांच सायंकाळीं लॅपटॉप बगलेंत मारून आम्ही मेजाशीं जाऊन उभे राहिलों. मेजावर वह्या पसरल्या होत्या. वर न पाहतां त्या म्हणाल्या, “दहा मिनिटें थांबा, बेरीज जुळत नाहीं.”

आम्ही गॅलरींत जाऊन, ओल्या कपड्यांखालीं स्टुलावर, थांबलों. बेरीज जुळावयास पाऊण तास लागला.